चेन लावली तरी गाडी फसते: बर्फात जाण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की नागपुरातून गाड्या उत्तरेकडे निघतात. चव्वेचाळीस नंबरचा हायवे आपल्या शहरातूनच जातो, त्यामुळे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, दिल्ली आणि पुढे मनाली हा रस्ता बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. बर्फाचं तसं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तर आपण अजून त्या थंडीच्या गोष्टी सांगतो. त्यामुळे डिक्कीत चेनचा, म्हणजे टायरला गुंडाळायच्या लोखंडी साखळ्यांचा डबा टाकला की बर्फाची तयारी झाली, असं इथे सर्रास धरून चालतात. मनालीजवळच्या सोलंगला किंवा गुलमर्गला भाड्याची एटीव्ही (जाड टायरची, हँडलने चालवायची चारचाकी) मिळते, तिच्या चाकांना चेन दिसली की माणसाला आणखी जोर चढतो आणि तो मळलेली वाट सोडून सरळ भुसभुशीत बर्फात घुसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चेन पकड देते, गाडीला बर्फावर तरंगत ठेवत नाही. गोठलेला रस्ता, दाबून कडक झालेला बर्फ, चढाची घसरडी वाट, इथे चेनचं खरं काम. ताज्या, खोल बर्फात पकडायला खाली काही नसतंच. पावसाळ्यात काळ्या मातीत फसलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर रेस देत राहिला की काय होतं, ते विदर्भात कुणाला सांगायला नको. बर्फातही तेच होतं, फक्त चेनमुळे खड्डा दुप्पट वेगाने खणला जातो. एटीव्हीचं पोट जमिनीपासून साधारण २५ ते ३० सेंटिमीटर उंच असतं. बर्फ त्याहून खोल असला की पोट बर्फावर टेकतं, चाकांवरचा भार जातो आणि चारही चाकांना चेन असून गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी पहिल्या झटक्यालाच ॲक्सिलरेटर सोडा. उतरा, पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढा, बुटांनी वाट दाबून घ्या आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. पुढे रेटायचा मोह आवरा. फोर व्हील ड्राइव्ह फसण्याआधी, गाडी थांबलेली असताना लावायचा. चाकं गरगर फिरत असताना तो बटन दाबून आत टाकला तर गिअरमध्ये मोडतोड होऊ शकते. बहुतेक कामाच्या एटीव्हींमध्ये बेल्टवर चालणारं ऑटोमॅटिक असतं. खोल बर्फात हाय गिअरवर जोर लावला की बेल्ट घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. लो गिअर त्यासाठीच दिलेला आहे. वास आला की थांबा, थंड होऊ द्या. भाड्याची गाडी असेल तर बेल्टचे पैसे कोण भरणार, हे आधीच विचारून ठेवा.

चेन कोणत्या चाकांना लावायची, यावर गोंधळ फार. नियम सोपा आहे: इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते, त्यांना. बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. बोलेरो, स्कॉर्पिओ मागच्या. इनोव्हातही क्रिस्टा मागच्या चाकांवर आणि हायक्रॉस पुढच्या, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून लावू नका, गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. काही गाड्यांत मडगार्डपाशी जागाच इतकी कमी असते की कंपनी चेनला सरळ नाही म्हणते, तेही तिथेच लिहिलेलं असतं. फोर बाय फोरला चारही चाकांना चेन असणं उत्तम. एटीव्हीचंही तेच. फक्त मागे चेन असलेली एटीव्ही चढ चढते, पण वळणावर हँडल फिरवूनही सरळ जाते. फक्त पुढे असली तर उतारावर ब्रेक दाबताच मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते.

मापाचंही तसंच. एटीव्हीची पुढची आणि मागची टायरं सहसा वेगळ्या रुंदीची असतात. पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२ ही नेहमीची जोडी. यातला पहिला आकडा टायरची उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिम, सगळं इंचात. चारही चाकांना एकच माप घेतलं तर दोन चेन ढिल्या तरी राहणार, नाहीतर बसणारच नाहीत. आणि लोहाओळीतल्या लोखंडाच्या बाजारातून मीटरवर साखळी आणून वेल्डिंग करून घेऊ, हा विचार सोडा. गुरं बांधायची साखळी वेगात फिरताना तुटली तर ब्रेकचा पाइप घेऊन जाते. टायरला दोरखंड गुंडाळून शंभर पावलं निघता येतं, घाट चढता येत नाही.

विकत घेताना नमुना पाहा. शिडीसारखी, आडव्या पट्ट्यांची चेन सरळ ओढायला चांगली, पण तिरप्या उतारावर बाजूला घसरते. जाळीसारखी, चौकटीचौकटींची चेन वळणावर आणि बाजूच्या घसरणीत जास्त साथ देते. घाटात माझं मत जाळीच्या बाजूने आहे, थोडी महाग पडली तरी.

बसवताना तीन गोष्टी हमखास चुकतात. हुकांचं उघडं तोंड टायरच्या बाजूला ठेवलं जातं आणि ते रबर खातं. तोंड बाहेर हवं, आडव्या पट्ट्यांवर टोकं असतील तर तीही बाहेर. आतली बाजू दिसत नाही म्हणून ती अर्धवट अडकवली जाते. तीच आधी नीट लावा, मग बाहेरची. आणि एकदा ताणली की झालं असं समजलं जातं. पन्नास-शंभर मीटर चालवा, उतरा, पुन्हा ताणा. उरलेली शेपटी मोकळी सोडू नका, तारेने घट्ट बांधा. शेवटी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून चेन कुठे घासते का ते पाहा. एटीव्हीत पुढे सस्पेन्शन आणि ब्रेकचे पाइप अगदी जवळ असतात.

हवेबद्दल एक गंमत. नागपुरात २८ अंशांत हवा भरून उणे ५ ला पोहोचलात की थंडीने टायरमधली हवा आकसते आणि प्रेशर घटतं. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गेजवरचा आकडा काहीसा परत वर येतो. दोन्ही मिळून किती फरक पडला, ते इथे बसून ठरवू नका. तिथे सकाळी, टायर थंड असताना मोजा. एटीव्हीच्या टायरमध्ये मुळात ५ पीएसआयच्या आसपास हवा असते. त्यातले दीड-दोन कमी झाले तर चेन लगेच ढिली पडते.

चेनसकट कारचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आतच ठेवा. कोरड्या रस्त्यावर चेन काढा. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि आत बर्फ नसतो. मध्येच थांबून चेन काढायची ती जागा नाही, म्हणून काय करायचं ते तोंडाशीच ठरवा.

चालवताना मडगार्डवर ठकठक ऐकू आली तर चेन ढिली आहे किंवा शेपटी सुटली आहे, लगेच थांबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही चेनचा ताण सारखा नाही. चेन असून गाडी निघताना इंजिन सारखं दबत असेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू नयेत म्हणून गाडीत असलेला आपोआप चालणारा बंदोबस्त, ताकद कापत असतो. तो बंद करून हळूच निघा आणि निघाल्यावर पुन्हा सुरू करा.

सराव मात्र नागपुरातच करा. अंगणात गाडी उभी करून, हातात जाड मोजे घालून, दोन-तीनदा चेन लावा आणि काढा. फक्त ती लावून सिमेंट रोडवर चक्कर मारू नका, राजेहो, चेनही जाईल आणि टायरही. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा. ओल्या डब्यात बंद केलेली चेन आपल्या पावसाळ्यात गंजून एकमेकांत अडकते, आणि ते पुढच्या डिसेंबरात रस्त्याच्या कडेला कळतं.