महापालिकेला उभे राहताय? सुरक्षा आणि मूलभूत सुविधांच्या प्रचारात या चुका टाळा

कोल्हापूर महापालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकांच्या हातात राहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, तोवर भागाभागात तक्रारींचा ढीग साचला होता. दिवा बंद, पाण्याला दाब नाही, ड्रेनेज तुंबलेलं, मोकाट कुत्री, रात्री क्लासवरून येणाऱ्या पोरींची काळजी. याच विषयांवर निवडणूक लढवायची म्हणणारा उमेदवार योग्य जागी हात घालतो, असं माझं ठाम मत आहे. स्वागत कमानीपेक्षा घरापुढच्या गटारीचा प्रश्न मोठा आहे. पण याच विषयांवर चांगली, धडपडी माणसं चुकतात. काहींची मतं जातात, काही निवडून येऊन वर्षभरात तोंडघशी पडतात. पोटनिवडणूक असो नाहीतर पुढची सार्वत्रिक, जे आतापासून तयारीला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पोलिसांचं काम आपल्या पत्रकात घालू नका

"चौकी आणतो, गस्त वाढवतो, गुंडगिरी मोडून काढतो." ही वाक्यं सभेत टाळ्या घेतात. पण पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, महापालिकेचे नव्हेत. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि त्यांच्या हाताखाली जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी अशी ठाणी, ही इथली रचना. नगरसेवक तिथं निवेदन देऊ शकतो, पाठपुरावा करू शकतो. आदेश देऊ शकत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले. त्यात रस्ते, पाणीपुरवठा, स्वच्छता, पथदिवे, सार्वजनिक शौचालयं आहेत. पोलीस नाहीत.

म्हणून सुरक्षेचा विषय सोडायचा नाही, त्यातला आपल्या हातातला भाग उचलायचा. अंधारी वळणं, झाडोऱ्याने भरलेले मोकळे प्लॉट, पडक्या इमारती, बायकांना वापरता न येणारी स्वच्छतागृहं, फूटपाथ अडवणारी अतिक्रमणं: रात्री माणूस घाबरतो तो बहुतेक वेळा अशाच जागी, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीवर महापालिकेला काही ना काही करता येतं. पत्रकात दोन रकाने करा. एकात महापालिकेकडून करून घ्यायची कामं, दुसऱ्यात पोलिसांकडे पाठपुरावा करायचे विषय. मतदार शहाणा आहे. कुठलं काम कुणाचं, हे साफ सांगणाऱ्याचं तो ऐकून घेतो.

दिवसा फिरून सुरक्षेवर बोलू नका

पदयात्रा सकाळी निघते, हार पडतात, फोटो होतात. त्यावेळी वळणावरचा दिवा बंद आहे की चालू, हे कुणालाच दिसत नाही. संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळेत, हलगी आणि कार्यकर्त्यांचा ताफा न घेता, दोघं-तिघं मिळून फिरा. त्यात एक तरी बाई असू द्या, कारण कुठल्या बोळातून ती एकटी जात नाही हे तीच सांगेल. खांबावर नंबर असेल तर तो लिहून घ्या, नसेल तर समोरच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहा.

नुसतं 'लाईट नाही' लिहून भागत नाही. एकच दिवा बंद असेल तर बहुधा फिटिंग गेलेलं असतं. ओळीने सहा-सात खांब अंधारात असतील तर केबल, फ्यूज किंवा ती ओळ चालू-बंद करणारा टायमर तपासायला सांगायचं. तिथं फिटिंग बदलून काही होणार नाही. दिवा लागतो आणि तरी खाली अंधार, असं असेल तर मान वर करून बघा. पिंपळाची नाहीतर गुलमोहराची फांदी दिव्याखाली आलेली असते आणि सगळा उजेड पानांवर पडतो. ते काम विद्युत विभागाचं नाही, उद्यान विभागाकडून फांदी छाटून घ्यायचं आहे. काही ठिकाणी खांब महावितरणचा आणि त्यावरचा दिवा महापालिकेचा असतो. तिथं तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. कुठला खांब कुणाचा, एवढं आधी विचारून घेतलं तरी महिनाभराचे हेलपाटे वाचतात.

नव्या खांबांची मागणी करायच्या आधी आहेत ते पेटवून घ्या. नवा खांब म्हणजे तरतूद, मंजुरी, निविदा. जुना दिवा विभागीय कार्यालयातल्या एका नोंदीवर लागू शकतो आणि त्यासाठी निवडून येण्याचीही गरज नाही. प्रचाराच्या आधी असे दिवे लावून घेतलेल्या उमेदवाराला त्या गल्लीत फार भाषण करावं लागत नाही.

'मुबलक पाणी' हे आश्वासनच नव्हे

काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाइपलाइन हा कोल्हापूरच्या राजकारणातला कित्येक वर्षांचा विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. तरीही शहरात कितीतरी घरांत रडगाणं संपलेलं नाही, कारण धरणातून शहरात पाणी येणं वेगळं आणि गल्लीच्या शेवटच्या नळाला ते दाबाने येणं वेगळं. दुसरं काम टाक्यांचं, शहरातल्या जुन्या वितरण नलिकांचं, व्हॉल्व्हचं आणि चावी फिरवणाऱ्या माणसाच्या वेळापत्रकाचं आहे.

दारात गेल्यावर "पाणी येतं का?" असं विचारू नका. उत्तर असं येतं: "येतंय की. पण कवा? पहाटे तीनला. आन् चार घागरी भरस्तोवर जातंय बी. पुढची माणसं मोटर लावत्यात, आमी कुणाला सांगायचं?" या एका उत्तरात तीन प्रश्न आहेत: पाणी सोडायची वेळ, पुरवठ्याचा कालावधी आणि थेट नळाला लावलेल्या मोटरी. तिन्हींचा उपाय वेगळा. एकाच घराची तक्रार असेल तर त्यांचं कनेक्शन गंजलेलं किंवा चोंदलेलं असू शकतं. अख्ख्या गल्लीला दाब कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा गळती शोधायची. सुरुवातीची काही मिनिटं घाण वास येत असेल तर ते सगळ्यात तातडीचं समजा, कारण बहुधा ड्रेनेजजवळ कुठेतरी नळाला गळती असते आणि तिथून सांडपाणी आत खेचलं जातं. वाट न बघता त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला कळवा आणि गल्लीला पाणी उकळून प्यायला सांगा.

मोटरींचा विषय अवघड आहे. मोटर लावणाराही आपलाच मतदार आणि शेवटच्या घरातली आक्काही आपलीच. बहुतेक उमेदवार इथं गप्प बसतात. माझं मत असं की बोलावं, आणि गल्लीच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलावं. बंद दारामागे दोघांनाही हो म्हणणारा उमेदवार दोन्हीकडून जातो.

पुराबद्दलही असंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोराटोरांनाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन "पूर येऊ देणार नाही" म्हणू नका. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागे दाब देतं आणि चेंबरमधून वर येतं. जूनच्या आधी नाल्यातला गाळ निघाला का, निवारा म्हणून दिलेल्या शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते, तिथल्या संडासाला पाणी आहे का, अंथरुणाला खिळलेली माणसं कोणकोणत्या घरात आहेत: नगरसेवकाने करायचं काम हे आहे आणि ते भरपूर आहे.

कुत्र्यांचं आश्वासनही जपून द्या. 'भाग कुत्रेमुक्त करतो' हे कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांसाठी वेगळा आदेश दिला, आणि शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथं परत न सोडण्याचं बजावलं. मागायचंच असेल तर आपल्या भागात निर्बीजीकरणाची गाडी किती वेळा येते याचा हिशेब मागा. आणि रस्त्यावर पडणारं शिळं अन्न, मटणाच्या दुकानांचा कचरा टिपर वेळेवर उचलतो का, ते बघा. खायला मिळतं तिथंच टोळकं जमतं.

भीतीवर मतं मागू नका

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. "भागात चोर फिरताहेत" असा खात्री नसलेला मेसेज उमेदवाराच्या ग्रुपवरून गेला की रात्री पोरं काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि एखादा फिरस्ता, एखादा परप्रांतीय कामगार मार खातो. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, हातावर पोट असणाऱ्यांची दुकानं फुटली. शाहू महाराजांच्या गावात सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्याबद्दल संशय पेरणारा उमेदवार मला कुठल्याच पक्षाचा नको आहे. चोरीची बातमी आली तर आधी ठाण्यात फोन करून खात्री करा, मग ग्रुपवर काय घडलं, कुठे घडलं आणि ११२ ला फोन कसा करायचा, एवढंच लिहा. जात, धर्म, 'बाहेरचे लोक' हे शब्द त्यात येऊ देऊ नका.

तालमीचा पाठिंबा म्हणजे अख्खा भाग नव्हे

तालीम आणि मंडळ सोबत असेल तर कार्यकर्ते मिळतात, यात शंका नाही. पण तालमीच्या कट्ट्यावर बायका बसत नाहीत, भाडेकरू बसत नाहीत, संध्याकाळी सहा ते रात्री दोन अशी शिफ्ट करणारा पोरगाही बसत नाही. अंधाराचा आणि पाण्याचा त्रास याच लोकांना जास्त. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत आणि तरी महिला उमेदवाराच्या सभेत तिचे मालकच बोलतात, हे अजून दिसतं. सुरक्षेचा विषय असेल तर माईक वहिनींच्याच हातात द्या.

आता प्रभागही मोठे झालेत. ८१ जागा त्याच, पण प्रभाग २०, आणि एका प्रभागातून चार (एकीकडे पाच) जण निवडून येतात. यात दोन घोटाळे होतात. एक, उमेदवार आपल्याच गल्लीत फिरत राहतो आणि प्रभागाचं दुसरं टोक त्याला ओळखतही नाही. दुसरा निकालानंतर: दिवा कुणी लावायचा यावर चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. पॅनेल करून लढत असाल तर कुठला भाग आणि कुठला विषय कुणाकडे, हे प्रचारातच छापून टाका.

कागदपत्रांत घात होतो

वय २१ पूर्ण असणं आणि शहराच्या मतदार यादीत नाव असणं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. घात होतो तो पुढच्या गोष्टींत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता येते. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी, महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध, स्वतःचं किंवा जोडीदाराचं बेकायदा बांधकाम, हे सगळं विरोधक शोधून काढतातच. राखीव जागेवर लढणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र सादर करायची मुदत आत्ताच वहीत लिहून ठेवावी; २०१८ मध्ये ही मुदत बंधनकारक ठरल्यावर कोल्हापुरातल्या नगरसेवकांचीही पदं अडचणीत आली होती.

खर्चाचा हिशेब रोजच्या रोज लिहा: मंडप, रिक्षा, चहा-नाष्टा, पत्रकं, सगळं पावतीसकट. निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करावा लागतो. पडलेल्या उमेदवारालाही हे चुकत नाही. निकालाच्या दिवशी कागदांचं बोचकं कार्यालयाच्या कोपऱ्यात टाकून घरी गेलेल्या उमेदवाराला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. म्हणून अर्ज भरायच्या दिवशीच हिशेबासाठी घरातला किंवा विश्वासातला एक माणूस नेमा, आणि त्याला प्रचाराचं दुसरं कुठलंही काम देऊ नका.