भुकेचं औषध: कोणतं, कधी आणि किती दिवस

"पेशंट काही खात नाही, भुकेचं काहीतरी द्या" असं मेडिकलमध्ये सांगितलं की बऱ्याचदा सायप्रोहेप्टाडीनची बाटली हातात पडते. हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने भुकेपेक्षा झोपच जास्त येते, आणि कॅन्सरमध्ये उतरत चाललेलं वजन काही थांबत नाही. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेट वाढलेली असेल तर ते देऊच नये, लघवी अडकते.

आधी वजन नीट घ्या. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ६० किलोचा माणूस ५७ च्या खाली आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावर भरवसा नाही. दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहीत जा.

मग तोंड उघडून बघा. जिभेवर पुसल्यावर निघणारा आणि खाली लालसर जागा दाखवणारा पांढरा थर, गिळताना आग, म्हणजे बहुधा बुरशी. तिच्यावर क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलचा उपचार होईपर्यंत भुकेची कोणतीही गोळी वाया जाते. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर पोट साफ होतंय का ते विचारा. चार दिवस शौच नाही आणि भूकही नाही, हे नेहमीचं आहे. मेटफॉर्मिन आणि डिगॉक्सिननेही अन्नावरची वासना उडते. टीबीच्या गोळ्या चालू असताना अन्न नकोसं झालं, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे प्रश्न लिव्हरचा असतो.

दोन घासांतच पोट गच्च होत असेल तर जेवणाआधी अर्धा तास मेटोक्लोप्रमाइड १० मि.ग्रॅ. देतात, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि साधारण पाचच दिवस. आतडं अडलेलं असेल तर मुळीच नाही. हातापायांना कंप सुटला किंवा मान वाकडी व्हायला लागली तर बंद.

हे अडथळे दूर करूनही भूक नसेल, तर खऱ्या भुकेच्या औषधांचा विचार. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची. खालचे आकडे चिठ्ठी समजून घेता यावी म्हणून.

ओलान्झापिन २.५ मि.ग्रॅ., रात्री झोपताना. पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेतला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. केमो घेणाऱ्या पेशंटना १२ आठवडे हीच मात्रा दिली तेव्हा ६० टक्के जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. गोळीच्या कागदावर मानसिक आजारांची नावं वाचून घरचे घाबरतात. त्या आजारांत मात्रा बरीच मोठी असते. इथे जपायचं ते रात्रीच्या गुंगीला, म्हणून बाथरूमचा दिवा चालू ठेवा. शुगर तपासत राहा. मेटोक्लोप्रमाइड सोबत नको.

डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइड) २ ते ४ मि.ग्रॅ., सकाळी नाश्त्यानंतर. संध्याकाळी दिलं तर रात्रभर डोळा लागत नाही. तीन-चार दिवसांत भूक खुलते, पण तीन-चार आठवड्यांत असर ओसरतो आणि मांड्यांची ताकद जाते. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, की समजा. शुगर चढते, तोंडातली बुरशी परतते. घरात लग्न आहे, चार दिवस माणसाने पंगतीला बसावं, अशा मोजक्या काळासाठी हे उत्तम. आठवड्यात फरक नाही पडला तर पुढे ओढू नये. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर मात्र एकदम बंद करायचं नाही. मात्रा हळूहळू उतरवतात.

मेजेस्ट्रॉल (हे हार्मोनसारखं औषध) दिवसाला १६० मि.ग्रॅ. पासून ८०० पर्यंत देतात. असर दिसायला काही आठवडे जातात. वजन वाढतं, पण ते मुख्यतः चरबी आणि पाणी. स्नायू परत येत नाहीत, त्यामुळे काट्यावर दोन किलो वाढूनही जिना चढवत नाही. मोठा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा: एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागली, तर थेट हॉस्पिटल. अंथरुणाला खिळलेल्या किंवा आधी गुठळी झालेल्या माणसाला आम्ही हे सुचवणार नाही. हेही एकदम थांबवू नये.

मिर्टाझापिन हे नैराश्यावरचं औषध मन खचलेलं असेल, झोप उडाली असेल तरच. कॅन्सरमध्ये नुसत्या भुकेसाठी १५ मि.ग्रॅ. देऊन पाहिलं, ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

गोळी सुरू करताना पाकिटावर दोन तारखा लिहा: सुरुवातीची आणि फेरतपासणीची. डेक्सासाठी एक आठवडा, बाकीच्यांसाठी चार. त्या दिवशी डॉक्टरांना वजन, दंडाचा घेर आणि दिवसाला किती पोळ्या किंवा वाट्या जातात ते सांगा. "बरं आहे" एवढ्यावरून काही ठरवता येत नाही.

आजार अखेरच्या दिवसांत पोचला, पेशंट बहुतेक वेळ झोपूनच असेल, तर ही औषधं थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. तेव्हा चमच्याने बळेच भरवू नका, घास श्वासनळीत जातो. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा, आणि मागितलं तरच, डोकं उंच करून, एक-एक घोट पाणी द्या.