डोंगरउतारावरचं छोटं घर आणि वणवा: या चुका टाळा

सह्याद्रीत छोटं फार्महाऊस बांधताना सगळा विचार पावसाचा होतो: जोतं उंच, छपराला उतार, वळचण लांब. वणवा आठवतो तो पहिल्या फेब्रुवारीत, समोरचा डोंगर पेटल्यावर.

मुळात समजच चुकतो. आगीचा लोळ येऊन घराला गिळतो, असं क्वचित होतं. बहुतेक घरं वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, आणि निखारे आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, तेव्हा राख झालेल्या घरांशेजारी झाडं हिरवी उभी होती. म्हणून निखारा कुठून आत शिरेल आणि कशावर पडेल, हे आधी बघायचं.

कौलारू आहे म्हणून निर्धास्त राहणं

कौल जळत नाही. पण त्याखालचे रीप, वासे, साचलेला पाला आणि उंदरांनी जमवलेल्या चिंध्या जळतात. मंगलोरी कौलांच्या वळचणीकडच्या शेवटच्या ओळीखाली आणि आढ्यावरच्या कोन्यांखाली (आढं झाकणाऱ्या कौलांखाली) चांगल्या फटी राहतात. नागमोडी पत्रा भिंतीवर टेकतो तिथेही प्रत्येक नागमोडीखाली एक भोक असतंच. ही तोंडं सिमेंट-वाळूनं भरा आणि कोने सिमेंटच्या मालात पक्के बसवा. गळती थांबावी म्हणून कौलांखाली ताडपत्री घालतात, ती तर नकोच: निखारा पडला की ती वितळते आणि पेटते थेंब खाली गळतात. त्याऐवजी फायबर सिमेंटची शीट घाला.

तपासणी सोपी आहे. भर दुपारी माळ्यावर चढा, दिवा बंद ठेवा. उजेड आत येतो तिथे काडेपेटीतली काडी घालून बघा. काडी साधारण 2 मिमी जाड असते. ती सैल जात असेल तर फट बुजवा.

मात्र सगळं छप्पर हवाबंद केलंत, तर पावसाळ्यात वासे कुजतील. हवेची भोकं ठेवा आणि त्यांवर 2 मिमीपेक्षा लहान भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी ठोका. डासांची नायलॉन जाळी उष्णतेनं वितळते आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी निखारा अडवतच नाही. बारीक जाळी धुळीनं बुजते, ती उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा.

भिंतीला टेकवलेलं सरपण

भिंतीपासून 1.5 मीटरच्या पट्ट्यात पेटणारं काहीही नको: सरपण, गोवऱ्या, पेंढा, शेडनेट, सुकी वेल, काथ्याचं पायपुसणंसुद्धा. तिथे जांभ्याची फरशी किंवा खडी टाका. बांबूचं कुंपण घराला येऊन मिळत असेल, तर शेवटचा दीड मीटर दगडांचा गडगा घाला. नाहीतर कुंपण वातीसारखं आग घरापर्यंत आणतं. गॅस सिलिंडरभोवती 3 मीटर गवत नको.

हल्ली खांबांवर उभ्या लाकडी कॉटेजची हौस आहे. दिसतात छान, पण खालची मोकळी जागा म्हणजे चूल: पाला साचतो आणि मालकही उरलेल्या फळ्या तिथेच रचतो. ती जागा चिऱ्याच्या भिंतीनं बंद करा, जाळीची भोकं ठेवून.

चारही बाजूंना सारखीच जाळरेषा

जाळरेषा म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. आग चढावर वेगानं धावते. चढ 10 अंशांनी वाढला की वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. त्यामुळे उताराकडची बाजू जास्त रुंद साफ करा. 9 मीटर किमान, तीव्र उतारावर 30 मीटरपर्यंत. घर कड्याच्या अगदी टोकावर किंवा खिंडीच्या तोंडाशी बांधू नका, देखावा कितीही छान असो.

गवत पुरतं वाळायच्या आत, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापा आणि उचलून न्या. कापून तिथेच टाकलेलं गवत उभ्या गवतापेक्षा बरं नाही. मार्चच्या दुपारी वाऱ्यात जाळून पट्टा करायला गेलेल्यांनीच कित्येक वणवे लावले आहेत. राखीव वनात आग लावणं किंवा तिकडे आग पसरू देणं भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हाही आहे.

पाणी आहे, पण पोचत नाही

वणव्यात वीज जाते, मोटर बंद पडते आणि उघड्यावरचा काळा प्लॅस्टिक पाईप वितळतो. पाईप जमिनीत पुरा, वरचा तुकडा आणि नळ लोखंडी ठेवा. पाठीवरचा 16 लिटरचा फवारणीचा हातपंप स्वच्छ धुऊन, भरून ठेवा. छपरावरचे निखारे विझवायला तो उत्तम. आग पुढे सरकल्यावरही काही तास पन्हळी, वळचण आणि माळा तपासत राहा. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. फोन धूर दिसताच करा, आग कुंपणाशी आल्यावर नव्हे.