कवितेच्या किल्लीने संदेश कसा लपवायचा: एसओईच्या वायरलेस ऑपरेटर बायकांची पद्धत

1943 साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरलेल्या नूर इनायत खान यांच्यासारख्या एसओईच्या (ब्रिटनच्या गुप्त युद्धसंघटनेच्या) ऑपरेटर सुमारे 15 किलोचा वायरलेस सेट सूटकेसमधून वागवत. पण सेट लावण्याआधी संदेश लपवावा लागे. त्यासाठी पाठ केलेल्या कवितेतले पाच शब्द घेऊन अक्षरांची दोनदा उलथापालथ करायची. त्या रोमन अक्षरं वापरत. इथे सोयीसाठी मराठी अक्षरं आणि दोनच शब्द घेऊ.

चौकटीची वही घ्या. काना-मात्रेसकट एक अक्षर म्हणजे एक चौकट, जोडाक्षर फोडायचं नाही.

पहिली किल्ली 'नदीकिनारा'. वर्णमालेच्या क्रमाने आकडे द्या, मात्रा सोडून. तोच वर्ण पुन्हा आला तर डावीकडचा आधी. आकडे येतात 3 2 1 4 5. त्याखाली संदेश आडवा भरा:

पू ल उ द्या रा
त्री पा ड णा र

आता 1 नंबरच्या रकान्यापासून उभं वाचा: उड लपा पूत्री द्याणा रार.

दुसरी किल्ली 'रानवाट', म्हणजे 3 2 4 1. आलेली ओळ पुन्हा आडवी भरा:

उ ड ल पा
पू त्री द्या णा
रा र

शेवटची ओळ अर्धवट राहिली तर राहू द्या, तीच शत्रूला जास्त छळते. पुन्हा क्रमाने उभं वाचून पाच-पाचचे गट पाडा: पाणाडत्रीर उपूरालद्या. कोणते शब्द वापरले हे कळवणारा खुणेचा गटही सोबत जाई.

उलगडताना आधी एकूण अक्षरं मोजा. दहा अक्षरं, चार रकाने, म्हणजे डावीकडचे दोन रकाने तीन-तीनचे आणि उरलेले दोन-दोनचे. ही मोजणी चुकली की पुढचं सगळं बिघडतं.

बहुतेक घोटाळे अगदी क्षुल्लक असतात: एखादं अक्षर गळतं, रकाने डावी-उजवी होतात किंवा कवितेतल्या शब्दाचं स्पेलिंग चुकतं. म्हणून आकडे दिल्यावर ते एकदा उलट क्रमाने तपासा. असा न उलगडणारा संदेश पुन्हा मागवणं म्हणजे ऑपरेटरला पुन्हा वायरलेसवर बसवणं, आणि तेवढ्यात रेडिओ लहरींची दिशा शोधणारी जर्मन गाडी आणखी जवळ सरकणार. त्यामुळे ब्रिटनमधल्या केंद्रांवर फॅनी या ब्रिटिश महिला स्वयंसेवी दलातल्या तरुणी संभाव्य चुका एकेक करून ताडून पाहत बसत. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण हेही धीराचंच काम.

पद्धतीतली खरी खोट वेगळीच आहे. कविता डोक्यात असते, आणि छळ करून ती वदवून घेता येते. ओळखीची कविता असेल तर शत्रू अंदाजानेही गाठतो. म्हणून एसओईच्या सांकेतिक लिपी विभागाचे प्रमुख लिओ मार्क्स यांनी रेशमी कापडावर छापलेल्या तयार किल्ल्या आणल्या. कपड्याच्या अस्तरात शिवल्या तर झडतीत चाचपल्यावर कागदासारख्या कुरकुरत नसत. एक किल्ली वापरली की तेवढी पट्टी कापून जाळायची.

वहीतला कच्चा हिशोबही तसाच जाळायचा. नूर यांनी पाठवलेल्या संदेशांच्या नकला जपून ठेवल्या होत्या. ऑक्टोबर 1943 मध्ये पॅरिसात अटक झाली तेव्हा सेटबरोबर त्याही जर्मनांच्या हाती लागल्या, आणि नूर यांच्याच नावाने लंडनशी खोटे संदेश सुरू झाले.