घोड्याच्या दाढांचं काम : नव्या पशुवैद्यांसाठी

निपाणी-चिकोडी भागात दवाखाना टाकलात तर रोजचं काम म्हशी-गाईंचं असणार. पण शर्यतीची घोडी, वरातीची घोडी, धनगरांची तट्टं इथं आहेतच, आणि त्यांचे दात बघणारे फार थोडे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांच्या पदवीत घोड्याच्या तोंडात हात घालायची संधी माझ्या वाट्याला कमीच आली. हे काम शिकायचं ते जाणत्या डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून.

घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर येत राहते आणि चघळताना तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्याहून रुंद असतो. त्यामुळं वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते, तिथं धार येते. दाण्यावर ठेवलेल्या घोड्यात हे जास्त, कारण दाणा खाताना जबडा कडब्याइतका आडवा फिरत नाही.

मालक म्हणतो, "डाक्टर, घोडं लगाम घेईना, मान एकीकडंच धरतंय." अशा वेळी आधी गव्हाणीखाली बघा. अर्धवट चावलेल्या वैरणीचे ओले गोळे पडलेत का? लिदीत अख्खे दाणे दिसतात का? मग गालावरून दाढांच्या ओळीवर हलकेच दाबा. धार टोचत असेल तर घोडं डोकं झटकतं. तोंड उघडलं की गालाच्या आत दाढांच्या रेषेत सोललेल्या जखमा दिसतात. ते एकदा बघितलं की लगामाला नकार देणाऱ्या जनावराला कुणी अडेल म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

धार काढायचा क्रम असा : गुंगीचं इंजेक्शन, तोंड धुणं, गॅग (तोंड उघडं धरणारी चौकट), डोक्याला बॅटरी, मग कानस. धारेच्या इनॅमलला संवेदना नसते, पण धार गेली की हात थांबवा. दाढ खरबरीतच हवी, गुळगुळीत केली तर वैरण दळली जात नाही. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा देऊ नका, घशात अडकतो. मोठ्या घोड्याला वर्षातून एकदा तपासणी पुरते. अडीच ते साडेचार वर्षांच्या शिंगराचे दात बदलत असतात, त्याला सहा महिन्यांनी बघा.

आता पैशाचं. मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि रास्तही असतो. जाण्यायेण्याचा खर्च, वजनावर ठरणारं गुंगीचं औषध आणि कानशीची मजुरी हे तिन्ही आकडे फोनवरच वेगवेगळे सांगा. दात काढणं किंवा एक्स-रे लागला तर त्याचे पैसे निराळे, हेही तेव्हाच. एकाच घोड्यासाठी रायबागला गेलात तर गाडीखर्चच मालकाला जड होतो. म्हणून आसपासच्या घोडेवाल्यांना आधी निरोप धाडा आणि सगळी घोडी एकाच दिवशी बघा, म्हणजे तो खर्च वाटला जातो. सुरुवातीला तुम्हीही विजेच्या मशिनवर पैसे घालू नका. चांगला गॅग आणि लांब दांड्याच्या दोन कानशी घ्या. कानशीचं पातं बोथट झालं की मात्र लगेच बदला.