खापरखवल्या ओळखताना या चुका टाळा

पाऊस लागला की सह्याद्रीत फिरणारे मित्र मला सापांचे फोटो पाठवू लागतात. काळपट, बोटाएवढा जाड, उन्हात इंद्रधनुष्यासारखा चमकणारा साप आणि खाली प्रश्न, "हा कोणता?" बरेचदा मला सांगता येत नाही, कारण फोटो नुसता पाठीचा असतो. खापरखवल्या हा मातीत राहणारा साप. त्याची ओळख पटते ती शेपटीवरून, पोटावरून आणि खवल्यांच्या ओळींवरून.

घोळ सुरू होतो तो डोके कोणते इथूनच. डोके निमुळते, माती भेदायला घडलेले. डोळा इतका बारीक की शोधावा लागतो. फिप्सनच्या खापरखवल्याची शेपूट मात्र तिरकी छाटल्यासारखी, वर खरबरीत खवल्यांची चकती, अगदी फुटक्या खापरासारखी. त्या चकतीवर मातीचा लपका बसलेला असतो. लोकांना तेच तोंड वाटते, मग 'दुतोंड्या' म्हणून गलका होतो आणि बिचारा गांडुळे खाणारा, बिनविषारी जीव मारला जातो. शेपटीवर पाण्याचे चार थेंब सोडा, माती निघू द्या आणि मग फोटो घ्या. निम्मी ओळख तिथेच पटते.

खापरखवल्याशी ज्याची गल्लत होते तो देवगांडूळ तर साप नव्हेच, तो उभयचर. त्याची कातडी ओलसर, बुळबुळीत, अंगभर वळ्या. वाळा या गांडुळासारख्या बारीक सापाचे खवले पाठीला आणि पोटाला सारखेच असतात. खापरखवल्याच्या पोटाचे खवले शेजारच्यांपेक्षा जरा रुंद असतात. हा फरक जेमतेम दिसतो, म्हणून पोटाचा फोटो जवळून हवा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दगडाखाली सापडलेला बारीक साप उचलू नका. तो पोवळा असू शकतो, आणि पोवळा विषारी असतो.

रंगावर विसंबू नका. पिवळे ठिपके, पट्टे एकाच जातीत कमीजास्त होतात. खवल्यांच्या ओळी मोजा, त्याही शरीराच्या मध्यावर: फिप्सनच्या खापरखवल्यात तिथे 17 भरतात, 'मॅक्रोलेपिस' या दुसऱ्या जातीत 15. मानेजवळ मोजल्यास आकडा वाढतो आणि जात चुकते. पोटाच्या आणि शेपटीखालच्या खवल्यांत नर-मादीचा फरक असतो. नराची शेपूट लांब असते. एवढ्यावरून दोन जाती ठरवू नका.

जुन्या नोंदीतले नाव तसेच उतरवणे ही सर्वात महागात पडणारी चूक. उत्तर सह्याद्रीतल्या काळ्या खापरखवल्याला वर्षानुवर्षे 'मेलॅनोफिडियम पंक्टॅटम' म्हटले गेले. नीट तपासणी झाल्यावर 2016 मध्ये तो वेगळी जात ठरला आणि सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव 'मेलॅनोफिडियम खैरेई' झाले. साप तोच होता, आपण फक्त त्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत होतो. म्हणून फोटोसोबत गाव, उंची, तारीख आणि माती कशी होती हे लिहाच. फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवा.

रस्त्यावर चिरडलेला मिळाला तरी बाटलीत भरून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. तिथेच फोटो घ्या. डोके, शेपूट, पोट, मध्यभागाची बाजू, असे चार पुरतात. तरीही जात ठरली नाही, तर फक्त प्रजातीचे (genus) नाव, जसे 'युरोपेल्टिस', एवढेच लिहून थांबा.