शोधसूत्रातला सांधा

‘रानाचा गंध, रामाची चौदा वर्षं (४)’

गूढ शब्दकोड्यातल्या या एका शोधसूत्रापाशी, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या वाक्यापाशी, मी अख्खी संध्याकाळ अडले होते. कंसातला आकडा उत्तरातली अक्षरं सांगतो. चंदन, पंचवटी, कंदमुळं, काय काय लिहून खोडलं. चूक एकच होती: मी वाक्याचं चित्र डोळ्यांपुढे आणत होते. गूढ शब्दकोड्यात ते चित्र चकवा द्यायलाच रंगवलेलं असतं. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावानं इंग्रजी कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये दंडक घालून दिला, की रचणाऱ्यानं खुशाल चकवावं, पण लिहिलेल्या शब्दांतून उत्तर चोख निघालंच पाहिजे. म्हणून चित्र सोडा, शब्द एकही सोडू नका.

आधी सांधा शोधा. त्याच्या एका बाजूला उत्तराचा सरळ अर्थ असतो, दुसऱ्या बाजूला ते जुळवायची कृती. सरळ अर्थ वाक्याच्या सुरुवातीला तरी असतो नाहीतर शेवटी, मधोमध कधीच नाही. इथे तो शेवटी आहे: रामाची चौदा वर्षं. उरला रानाचा गंध. रान म्हणजे वन, गंध म्हणजे वास. वनवास! अक्षरं मोजा, चार. दोन्ही बाजूंनी पटलं, आता पेनानं लिहा. एकाच बाजूनं पटत असेल तर पेन्सिलच बरी.

कृती कोणती, हेही एखादा शब्द सांगतो. ढवळलं, बिथरलं, विस्कटलं असं दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवा. ‘गरम ढवळलं, तर वर आली पाण्यातली शिकारी (३)’: मगर. काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटूनच फिरतात. ‘नदी’ उलटली तर ‘दीन’ होते, ‘दिन’ नव्हे. ‘मध्येच’ किंवा ‘पोटात’ आलं तर एकात दुसरं घालायचं: ‘आज मध्येच “वा!” असा ध्वनी (३)’. ‘आज’च्या मधे ‘वा’, झाला आवाज. कधी उत्तर उघड्यावरच पडलेलं असतं. ‘नाक मळलं, त्यात उमललं फूल (३)’. शब्दांमधली मोकळी जागा पुसून वाचा, कमळ दिसेल.

मला सगळ्यांत आवडतात ती कसलीच खूण नसलेली सूत्रं. ‘गळ्यात पडलेला पराभव (२)’. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेत, बस्स. किती देखणं आहे हे! असं सूत्र अडलं तर त्याला छेदणारा उभा शब्द आधी सोडवा. पहिल्या चौकोनात ‘हा’ आला की गळ्यातला हार दिसायला वेळ लागत नाही.